सुट्टीचा उद्योग : पेटीचे माप

आमच्या भाच्याने गेल्या वर्षी घरी एक पेटी केली. पेटी म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांपुढे भाता आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आल्या असतील, तर त्यांनी त्या दूर साराव्यात. ही पेटी प्लायवूडची, चारी बाजूंनी बंद, आणि तिच्या तोंडाशी दहा इंची मोठा स्पीकर बसवलेला. केवळ खर्जातले, पोटात घुमणारे आवाज काढायचे, एवढेच हिचे काम. बाजारात हिला सबवूफर म्हणतात. तयारही मिळते. पण भाच्याला ती स्वतःच्या हाताने करायची होती, आणि त्याला कारण होते.

आमची ताई चंद्रपूरला पठाणपुरा दरवाजाच्या आतल्या बाजूला राहते. भाऊजी दिवसा कचेरीत कारकुनी करीत आणि रात्री नाटकात तबला वाजवीत. पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगायला हवे की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळी झाली, धान घरात येऊ लागले की इथे गावोगाव नाटके उभी राहतात. रात्री पडदा उघडतो तो उजाडायच्या सुमारास मिटतो. गडचिरोली जिल्ह्यातले वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या मंडळ्यांचे मोठे ठाणे. या रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा ताईच्या गल्लीत पेढे वाटले गेले होते. भाऊजी मात्र ते पाहायला राहिले नव्हते. त्यांच्या मागे राहिल्या त्या अकरा कॅसेटी. कोणी तरी रंगमंचाजवळ टेपरेकॉर्डर ठेवून त्या भरलेल्या.

भाच्याने त्या कॅसेटी संगणकावर उतरवून घेतल्या आणि दूरदर्शन संचाला जोडून आईला ऐकवल्या. संवाद ऐकू आले, गाणी ऐकू आली, तबल्याची चाटही आली. आला नाही तो डग्गा. सपाट संचाच्या पाठीत बोटभर स्पीकर असतात, त्यांच्या आवाक्यात तो खर्ज बसत नाही. म्हणून हा सारा खटाटोप.

दहा इंची स्पीकर त्याने नागपुराहून आणला. विकणाऱ्याने सांगितले, “एक घनफूट पेटी करा, डोळे झाकून.” भाच्याने खरेच डोळे झाकले. प्लायवूडचे तुकडे एक-एक फुटाचे धरून पेटी ठोकली आणि कोजागिरीच्या रात्री, मी तिथे पाहुणा असताना, दूध आटता आटता ती लावली. आवाज केवढा! खिडक्यांच्या काचा बोलू लागल्या. भाच्याचा चेहरा फुलला. ताई मात्र पातेल्यातली पळी थांबवून ऐकत राहिली आणि म्हणाली, “हा त्यांचा हात नाही रे. हे तं नुसतं ढोलकं बडवून राहिलं कोणी.”

पोराचा चेहरा उतरला. “मामा, स्पीकर खराब निघाला का हो?” त्याने विचारले.

मी आयुष्यभर पोरांना पदार्थविज्ञान शिकवले, आणि शिक्षकाची खोड अशी की उत्तर देण्याआधी तो पट्टी मागतो. पेटी आतून मोजली. एक फूट म्हणजे साडेतीस सेंटिमीटर, पण ते बाहेरून! अठरा मिलिमीटर जाडीचे प्लायवूड दोन्ही अंगांनी वजा केले तर आत उरले सव्वीस सेंटिमीटर नऊ मिलिमीटर. घनफूट म्हणजे सव्वाअठ्ठावीस लिटर. आतली जागा भरली साडेएकोणीस लिटर. कोपऱ्यांतल्या पट्ट्या आणि स्पीकरचे लोहचुंबक जागा खातात ती वेगळीच. म्हणजे पोराने घनफुटाची पेटी केली असे समजावे आणि प्रत्यक्षात ती त्याच्या दोन तृतीयांशाहूनही कमी निघावी! घरी असा उद्योग करणाऱ्यांची ही पहिली आणि सर्वांत सामान्य चूक. माप नेहमी आतून धरावे.

पण खरा प्रश्न पुढेच आहे. पेटी घनफुटाचीच हवी हे तरी कोणी ठरवले?

मुळात स्पीकरला पेटी लागते कशाला? त्याचा कागदी पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. खर्जाच्या लाटा लांब असतात. ४० हर्ट्झची लाट सुमारे साडेआठ मीटर, म्हणजे आपल्या दिवाणखान्याहून लांब. त्यामुळे मागची लाट वळसा घालून पुढे येते आणि पुढचीला खाऊन टाकते. उघडा स्पीकर वाजवून पाहा, खर्ज नाहीसा होतो. पेटी ती मागची लाट कोंडून ठेवते. इथवर सगळ्यांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते हे की कोंडलेली हवा गप्प बसत नाही. ती स्प्रिंगसारखी पडद्याला मागे रेटते. सायकलच्या पंपाचे तोंड अंगठ्याने दाबून दट्ट्या रेटून पाहा, म्हणजे पटेल. पेटी लहान तितकी ही स्प्रिंग ताठ. तेव्हा पेटी म्हणजे स्पीकरचे नुसते घर नव्हे. तो स्पीकरचाच अर्धा भाग आहे, आणि त्याचे माप कोपऱ्यातल्या जागेवरून वा विकणाऱ्याच्या सांगण्यावरून ठरत नाही. ते स्पीकरच सांगतो.

हे ध्यानात यायला जगालाही वेळ लागला. १९५४ साली अमेरिकेत एडगर विल्चर यांनी कोंडलेल्या हवेच्या या स्प्रिंगचाच उपयोग करून लहानशा बंद पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला. तोवर खर्ज हवा तर कपाटाएवढी पेटी, अशीच समजूत होती. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थीले यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७२-७३ च्या सुमारास सारे गणित असे मांडले की स्पीकरच्या दोन-तीन आकड्यांवरून पेटी कागदावर काढता यावी. गंमत अशी की थीले यांचा लेख दहा वर्षे जवळजवळ दुर्लक्षित राहिला. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ध्वनितंत्रज्ञांच्या नियतकालिकाने तो पुन्हा छापला, तेव्हा जगाचे डोळे उघडले.

ते तीन आकडे असे. पहिला, स्पीकर उघडा असताना त्याचा पडदा स्वतःच्या लयीत किती हर्ट्झला डोलतो तो. दुसरा, पडद्याच्या रबरी कडेची लवचीकता किती लिटर हवेच्या लवचीकतेइतकी आहे तो. तिसरा लगामाचा. झोका ढकलणे थांबवल्यावर तो लगेच थांबतो की झुलत राहतो, हे जसे, तसे हलता पडदा किती चटकन आवरला जातो हे हा आकडा सांगतो. आकडा लहान तितका लगाम घट्ट. चांगल्या स्पीकरसोबत हे तिन्ही आकडे छापून मिळतात. आमच्या स्पीकरच्या खोक्यावर फक्त वॅटचा मोठा आकडा आणि वाघाचे चित्र होते.

तेव्हा आकडे घरीच काढले. लागले काय? मोबाइलमधले सूर काढणारे साधन, अॅम्प्लिफायर, एक हजार ओहमचा एक आणि दहा ओहमचा एक असे दोन रोधक, आणि मिलिव्होल्ट दाखवणारे चांगले मीटर. अॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये हजार ओहमचा रोधक जोडायचा. आधी स्पीकरच्या जागी दहा ओहमचा रोधक लावून मीटर दहा मिलिव्होल्ट दाखवीपर्यंत आवाज वाढवायचा. मग स्पीकर जोडला की मीटरवरचा प्रत्येक मिलिव्होल्ट म्हणजे एक ओहम. आता सूर हळूहळू खालून वर न्यायचा. एका जागी काटा एकदम उंच चढतो आणि पुन्हा उतरतो. आमच्याकडे तो ३० हर्ट्झला चढला, २०.२ ओहमपर्यंत. पहिला आकडा मिळाला.

लगामासाठी थोडी आकडेमोड. स्पीकरच्या तारेचा साधा रोध मीटरने मोजला, तो ३.५ ओहम. शिखराच्या २०.२ ला ३.५ ने भागले, आले ५.७७, त्याचे वर्गमूळ २.४. साध्या रोधाच्या २.४ पट म्हणजे ८.४ ओहम. शिखराच्या दोन्ही उतारांवर हे ८.४ कुठे येतात ते पाहिले. एका बाजूला २० हर्ट्झ, दुसऱ्या बाजूला ४५. फरक २५. आता ३० ला २५ गुणिले २.४ ने, म्हणजे ६० ने भागा. लगामाचा आकडा ०.५. पडताळाही करता येतो. २० आणि ४५ यांचा गुणाकार ९००, आणि तीसाचा वर्गही ९००. हे दोन जुळले नाहीत तर मोजण्यात कुठे तरी गफलत आहे असे समजावे.

राहिला हवेचा आकडा. त्यासाठी नेमके माप ठाऊक असलेली बंद पेटी लागते, आणि ती आमच्याजवळ होतीच! चुकलेली पेटी इथे उपयोगी पडली. स्पीकर काढला, पेटी उताणी ठेवली आणि ताईने लिटरच्या मापाने तिच्यात तांदूळ ओतायला सुरुवात केली. धानाच्या मुलखात याला काय तोटा! भाचा मोजत होता. अठरा मापे आणि वर पाऊण. स्पीकरने खाल्लेली जागा पावणेदोन लिटर धरून निव्वळ हवा उरली सतरा लिटर. स्पीकर पुन्हा बसवून सूर फिरवला, तर काट्याचे शिखर ३० वरून ६४ हर्ट्झला गेलेले! केवढी ती ताठ स्प्रिंग! आता ६४ ला ३० ने भागा, वर्ग करा, १ वजा करा आणि सतराने गुणा. सुमारे साठ लिटर. हा जवळपासचा हिशेब आहे, पण घरच्या कामाला पुरतो.

या आकड्यांनी ताईच्या कानाची साक्ष काढली. पेटीत कोंडल्यावर स्पीकरची लय जितकी पट चढते तितकाच पट लगाम सैल होतो. इथे दुपटीहून जास्त, म्हणजे ०.५ चा १.०७. लगाम ०.७१ च्या वर गेला की आवाजात उंचवटा येतो. आमच्या पेटीत तो ८५ हर्ट्झच्या आसपास होता. दीड डेसिबलचाच, पण नेमका डग्ग्याच्या वाटेत. शिवाय ६४ हर्ट्झच्या मानाने ४० हर्ट्झचा आवाज सुमारे ७ डेसिबल खाली पडत होता. डग्गेवाला ‘घे’ काढताना मनगट चामड्यावरून सरकवतो तेव्हा सूर खालून वर वळत जातो. त्या वळणाचा खालचा भाग ही पेटी गिळत होती आणि वरचा ठासून सांगत होती. त्यात पोराने ती खोलीच्या कोपऱ्यात ठेवून खर्जाची कळ पूर्ण पिळलेली. म्हणून प्रत्येक थाप सारखीच. हात कोणाचा हे कळावे कसे?

मग योग्य माप कोणते? पेटीतला लगाम ०.७१ ला आणायचा. तिथे उंचवटा नाही आणि खर्जही लवकर पडत नाही. रीत अशी : ०.७१ ला स्पीकरच्या लगामाने भागा, वर्ग करा, १ वजा करा, आणि जे येईल त्याने हवेच्या आकड्याला भागा. आमच्याकडे ०.७१ भागिले ०.५ म्हणजे १.४२, त्याचा वर्ग २, वजा १ म्हणजे १. तेव्हा साठ भागिले एक, निव्वळ साठ लिटर! त्यात स्पीकरचे पावणेदोन आणि आतल्या आधारपट्ट्यांचे सव्वादोन मिळवले की चौसष्ट. आतून ४० सेंटिमीटर लांब, रुंद, उंच. गणित इतके नेटके सुटले की मला पेपर काढल्यासारखे वाटले. प्लायवूडची जाडी धरून बाहेरून ४३.६ सेंटिमीटर. आठ बाय चारच्या तक्त्यातला निम्म्याहून कमी भाग लागतो. बरोबरीच्या बाजू खर्जाला चालतात, कारण त्याच्या लाटांपुढे ही पेटी म्हणजे हत्तीपुढे उंदीर.

“आणखी मोठी केली तर आणखी चांगली नाही का, मामा?” भाच्याने विचारले. नाही. पेटी वाजवीपेक्षा मोठी झाली की हवेचा आधार सुटतो, पडदा मोकाट हलतो आणि मोठ्या आवाजात फाटण्याची भीती. उलट साठ लिटरला जागाच नसेल तर उशीत भरतात तो कृत्रिम कापूस सैलसर भरावा. पेटी दहा-पंधरा टक्के मोठी असल्यासारखी वागते. आपल्या वऱ्हाडचा कापूस कितीही चांगला असला तरी इथे नको. तो ओल धरतो आणि बसतो.

काही पेट्यांना नळी असते. घागरीच्या तोंडावर फुंकर घातली की ती जशी घुमते, तशी त्या नळीतली हवा खर्जाला साथ करते. पण नळीची लांबी चुकली तर सारेच बेसूर होते, आणि तिच्या सुराखाली पडद्याला आधार उरत नाही. पहिल्या खेपेस बंद पेटीच करावी.

मिस्त्रीकडे नकाशा घेऊन गेलो, तर तो हसला. “काकाजी, चांद्यात राहून प्लायवूड? आलापल्लीचा सागवान लावून देतो, पिढ्या निघतील.” त्याचा अभिमान खोटा नव्हता. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये सागवान गेले ते इथल्याच बल्लारपूरच्या आगारातून. पण दाराचे काम वेगळे, पेटीचे वेगळे. भरीव लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. सांधा केसभर उघडला तरी कोंडलेली हवा सूं सूं करीत निसटते आणि सारे गणित वाया जाते. प्लायवूडचे थर एकमेकांना आडवे असतात म्हणून ते जागचे हलत नाही. मिस्त्रीला हे पटले, पण वरच्या पाटीला सागवानाची पातळ पट्टी त्याने लावलीच. तेवढे त्याचे राहू दिले.

सांध्यांना भरपूर सरस, चार-चार इंचांवर स्क्रू, आतून सिलिकॉनची रेघ. मग परीक्षा. खालचा सूर लावून सांध्यांभोवती पेटती उदबत्ती फिरवली. जिथे धूर थरथरला तिथे पुन्हा रेघ ओढली. असे दोन ठिकाणी निघाले.

भाऊबीजेला मी पुन्हा गेलो. ओवाळून झाले. नवी पेटी कोपऱ्यातून हात-दीड हात पुढे ओढून ठेवली होती, खर्जाची कळ मधोमध होती. पहिल्या क्षणी भाचा निराशच झाला, कारण काचा बोलल्या नाहीत. ६४ आणि ४० हर्ट्झमधला फरक आता ७ वरून सुमारे ३ डेसिबलवर आला होता, पण कागदावरचे आकडे कानाला कोण वाचून दाखवणार? कॅसेट चालू होती. नायिकेचे गाणे, मागे ठेका. ताई ताटातला करंजीचा तुकडा हातात धरून बसून राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, “हा शेवटला अंक असावा.”

“कशावरून?” मी विचारले.

“पहाटे त्यांचा डावा हात जड पडे. आता बघ, घे ओढत नाहीत, टाकून देतात नुसता.”

आम्ही दोघांनी कान दिला. खरेच, थाप येत होती आणि वळण अर्धवट सुटत होते. दोन ठेके झाल्यावर मध्येच एकदा सूर पुरा वळला, आणि ताई पदराने डोळे टिपत हसली. “कोणी तरी चहा आणून दिला वाटते!”

रात्री दहाला तिनेच उठून आवाज कमी केला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. ते तिला ठाऊक नसेल, पण शेजारी दोन महिन्यांचे बाळ आहे हे ठाऊक होते. खर्ज भिंतीतून आरपार जातो. पेटी करणाऱ्यांनी हेही गणितात धरावे.

जुनी सतरा लिटरची पेटी आम्ही मोडली नाही. कोणाला स्पीकरचे आकडे काढायचे असले की ती लागते. भाच्याने तिच्यावर खडूने निव्वळ माप लिहून ठेवले आहे, आणि खाली कंसात : आतून.